पाऊण तासावरचं हरीण

पत्र : ताई, मी मूळचा राधानगरीकडचा. चौदा वर्षं झाली, विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ राहतो. ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने तीन हंगाम हरणाच्या शिकारीला जातोय. एका मित्राच्या मामाची शेती घरापासून पाऊण तासावर आहे, तिथे बसायला मिळतं. दोन माद्या मिळाल्या. गेल्या सप्टेंबरात मात्र एका मित्राबरोबर कोलोरॅडोला एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, मागावर गेलो आणि डोकंच फिरलं. धनुष्य त्याचं होतं, मी नुसता सोबतीला. पण पहाटेच्या अंधारात नराची शीळ ऐकली तेव्हा अंगावर आलेला काटा अजून गेलेला नाही. तो डोंगर, ती थंडी, एवढं मोठं जनावर! तेव्हापासून रात्री झोपताना नकाशे बघतो. बायको म्हणते, आधी घरातला फ्रीझर बघ.

नोव्हेंबरात केबिनमध्ये शेगडीभोवती बसलो असताना एकाने विचारलं, "उरलेल्या जन्मात एकाच प्राण्याची शिकार करायची मुभा असेल तर कोणता निवडशील?" सगळ्यांनी पटापट सांगितलं. कुणी एल्क, कुणी टर्की पक्षी, एकाने बदक. मला सांगता येईना. वर्षाला पंधरा दिवस रजा, त्यात वर्षाआड आईवडिलांना भेटायला गावी जायचं. वय त्रेचाळीस. म्हणून खरंच विचारतो, काय निवडू? आणखी एक. वडील माळकरी आहेत. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. सांगू का?

उत्तर : केबिनमध्ये असले प्रश्न निघतातच. पहाटे चारला उठायचं असतं, झोप येत नसते, कुणीतरी काहीतरी काढतं. तुमच्या मित्रांनी पटापट उत्तरं दिली, कारण त्यातलं एकही त्यांना पाळायचं नव्हतं. तुमच्यावर मात्र ती वेळ आलेलीच आहे. पंधरा दिवसांच्या रजेत राधानगरी आणि दोन-दोन जनावरं बसत नाहीत.

तेव्हा उत्तर आधीच सांगून टाकते. व्हाइटटेल, म्हणजे तुमचं ते नेहमीचं पांढऱ्या शेपटीचं हरीण. मामांच्या शेतावरचं, पाऊण तासाच्या अंतरावरचं. आणि त्यातही मादी. शिंगवाल्या नराची स्वप्नं खुशाल बघा, पण जन्मभराचा हिशोब मादीवर मांडा.

तुम्हाला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. पत्रात तुम्ही दोन माद्या तीन शब्दांत उरकल्या आणि एका शिळेवर अर्धं पान खर्च केलंत. ती शीळ मीही ऐकली आहे. सुरुवात बासरीसारखी, शेवट बिजागरीला तेल न घातलेल्या दरवाजासारखा, आणि मधे काहीतरी असं, की माणूस श्वास घ्यायचा विसरतो. मी तर एल्क मारलाही आहे. ऑक्टोबरातली गोष्ट, मादी होती, दुपारी चारला पडली. आनंद ओसरला तेव्हा लक्षात आलं, की गाडी साडेतीन मैलांवर आहे आणि आपण जवळजवळ दहा हजार फुटांवर उभे आहोत. दोघांनी हाडं काढून मांस पिशव्यांत भरलं आणि तीन खेपांत खाली आणलं. शेवटची खेप दुसऱ्या दिवशी दुपारी. माझ्या डाव्या गुडघ्याला तो दिवस अजून आठवतो. तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. तुम्ही आज त्रेचाळीस आहात आणि प्रश्न विचारताय उरलेल्या जन्माचा.

पैशाचंही बघा. कोलोरॅडोत परराज्यातल्या माणसाला एल्कचा परवाना शेकडो डॉलरला पडतो आणि बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात. इथे विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्याला बंदुकीच्या हंगामातला हरणाचा परवाना २४ डॉलरला मिळतो. आपल्या राज्यातही एल्क आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं असेलच. इथले मूळचे एल्क एकोणिसाव्या शतकातच संपले होते. १९९५मध्ये मिशिगनमधून २५ आणून क्लॅम लेकजवळ सोडले. त्यांची पहिली शिकार झाली २०१८मध्ये. परवाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही सोडतीने, आणि एका माणसाला जन्मात एकदाच. सोडतीत नाव जरूर टाका. पण जन्मात एकदा मिळणारं जनावर जन्मभराचं सावज कसं होईल?

तरी पैसा आणि गुडघे ही माझी खरी कारणं नव्हेत. खरं कारण सांगायला मला थोडं लाजिरवाणं वाटतं, कारण त्यात माझीच चूक आहे.

माझा चौथा हंगाम होता. पाच-सहा इंच बर्फ पडलेलं. दिवस मावळायला आलेला आणि एक मादी मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेने चालत निघाली. चालत होती, थांबली नव्हती. मी थांबायला हवं होतं. बार काढला, ती पाठ वाकवून पळाली. खाली उतरून बघितलं तर बर्फावर केसांचा झुबका: लांब, पांढरे, जाडसर केस. दहा पावलांवर रक्त, पण पातळ, आणि त्यात हिरवट काहीतरी मिसळलेलं. आज तेच केस दिसले तर मी तिथल्या तिथे मागे फिरेन. पांढरे केस पोटाखालचे असतात, छातीच्या वरच्या भागाचे करडे-तपकिरी. हिरवट म्हणजे गोळी पोटात गेली. अशी जखमी मादी जवळच्या आडोशाला जाऊन बसते. आठ-दहा तास तिच्या वाटेला गेलं नाही तर ती तिथेच संपते. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. वीस मिनिटांत टॉर्च घेऊन निघाले. ती बसलेली उठली, ओढ्यापलीकडे गेली आणि रक्त थांबलं. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी दाखवली.

ती मादी वाया गेली ती माझ्या अज्ञानामुळे, आणि हे अज्ञान एका-दोन हंगामांत जात नाही. केसांचा रंग, गोळी लागल्यावर पाठ वाकवली की मागचे पाय झाडले, शेपटी वर होती की खाली दाबलेली, जखमी जनावर पाण्याकडे जातं की दाट झाडीकडे, हे सगळं एकाच जातीबरोबर पंधरा-वीस वर्षं काढली की अंगात मुरतं. यंदा एल्क, पुढच्या साली टर्की, मग अँटिलोप असं करत गेलेली माणसं मी बघितली आहेत. घराच्या भिंती भरलेल्या असतात आणि दरवेळी माग काढायला दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागतं.

म्हणून 'कोणता प्राणी' याचं उत्तर शोधताना मी उलटा प्रश्न विचारते: बंदूक घरी ठेवून कोणता प्राणी बघायला जाता येईल? बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी सुरू होणारा. उरलेल्या ३५६ दिवसांचं काय? मामांची शेती पाऊण तासावर आहे. जानेवारीत बर्फावर त्यांच्या वाटा रांगोळीसारख्या उमटतात, कुठून कुठे जातात ते नकाशाशिवाय कळतं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत नरांची शिंगं गळून पडतात, ती मुलांना घेऊन शोधायला जा. मेच्या अखेरीपासून गवतात पाडसं असतात. एकटं दिसलं तर अनाथ समजून उचलू नका, आई मुद्दाम लांब चरत असते. ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या शेतात संध्याकाळी कोण किती वाजता कुठून येतं, ते दुर्बिणीतून वहीत लिहून ठेवा. कोलोरॅडोतला एल्क यातलं काही देऊ शकत नाही. तो वर्षातून सात दिवस भेटणारा पाहुणा.

वाऱ्याचं तर एक प्रकरणच आहे. व्हाइटटेलच्या नाकाला फसवणारे फवारे दुकानात रांगेने मिळतात, माझा एकावरही विश्वास नाही. वारा तिच्याकडून आपल्याकडे हवा, बस. तो बघायला इथले जुने शिकारी मिल्कवीडची म्हातारी वापरतात. हो, म्हातारीच! आपल्याकडे रुईच्या बोंडातून उडते तीच ही, मिल्कवीड आणि रुई एकाच कुळातली. सप्टेंबरच्या अखेरीला बोंडं वाळायला लागली की डबीभर गोळा करा. मचाणावर बसल्यावर एक सोडायची आणि बघत राहायचं. समोरचा वारा तुम्हाला गालावर कळतोच. म्हातारी दाखवते की तीस पावलांवर, ओढ्याच्या घळीत तोच वारा वळून उलटा फिरतोय. आणि जॅकेट घरात टांगू नका. माझी पहिली दोन वर्षं हिंग-मोहरीच्या फोडणीत गेली असं माझा नवरा म्हणतो. आता ते ओसरीवर असतं.

आता मादीच का.

१९००च्या सुमारास या देशात व्हाइटटेल संपत आली होती. बाजारात विकायला बेसुमार मारली जायची आणि जंगलं तोडली गेली होती. मग बाजारासाठीची शिकार बंद झाली, हंगाम ठरले, आणि १९३७मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. त्याने बंदुका-काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. तुम्ही काडतुसांचा डबा घेता तेव्हा त्यात ११ टक्के कर जातो तो हाच. आज हरणं एवढी झालीत, की दक्षिण विस्कॉन्सिनमधल्या शेतकऱ्याला विचारा, मका-सोयाबीनबद्दल तो जे बोलेल ते इथे छापता येणार नाही. लांडगे तिथे जवळपास नाहीत. कळप आटोक्यात ठेवायचा तर माद्या कमी कराव्या लागतात. नर कितीही मारले तरी पुढच्या जूनमध्ये पाडसं तेवढीच. वनखात्याने मधे काही वर्षं आधी मादी मारा, मगच नर, असा नियमच काढला होता. शिकारी एवढे चिडले की २०११मध्ये तो रद्द झाला. सगळ्यांना शिंगं हवीत. मग माद्या कुणी मारायच्या? तुम्ही, मी आणि फ्रीझरची काळजी असलेल्या बायकांचे नवरे.

पाडसाची आई मारायची का, हा प्रश्न तुमच्या मनात येणारच, माळकऱ्याच्या घरात वाढलात. नोव्हेंबरात पाडसं पाच-सहा महिन्यांची असतात, दूध सुटलेलं असतं, स्वतःचं चरतात आणि आईशिवाय जगतात. हे मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणत नाही, तसंच आहे. तरीही पाडसाबरोबर असलेली मादी मी सोडून देते. तो माझा नियम, कायद्याचा नव्हे.

आणि मादी सोपी असते असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. दीड वर्षाचा नर नोव्हेंबरात प्रेमाने आंधळा झालेला असतो, बंदुकीखालून चालत जातो. पाच-सहा वर्षांची मादी म्हणजे गल्लीतली ती आजी, जिला कोण कधी घरी येतं ते सगळं ठाऊक असतं. एकदा अशी एक माझ्यापासून पंचवीस पावलांवर येऊन उभी राहिली. मला बघितलं नव्हतं, पण काहीतरी चुकतंय हे तिला कळलं होतं. मान खाली घातली, चरायचं सोंग केलं आणि एकदम वर केली. मी तशीच. पुन्हा सोंग. मग उजवा पाय उचलून जमिनीवर आपटला, धप्प. थांबली. पुन्हा धप्प. मला डोळ्यात पाणी येईपर्यंत पापणी लववता आली नाही. शेवटी नाकाने जोरात फुंकर मारली, पांढरी शेपटी उभी केली आणि पाठोपाठ शेतातली बाकीची सहा जणं गायब. आजवरच्या सगळ्या बारांपेक्षा मला तीच मादी जास्त आठवते.

टर्कीचं थोडक्यात सांगते. तुमच्या मित्राचं कोडं इथे मी मोडणार आहे. एकच प्राणी म्हणालात तरी एप्रिल-मेमधली टर्की ठेवा. पहाटे झाडाला पाठ टेकून बसायचं आणि नऊला ऑफिस, रजा लागत नाही. ही टर्कीही विस्कॉन्सिनमधून संपली होती. १९७६मध्ये मिसूरीकडून आणली आणि बदल्यात त्यांना आपले रफ्ड ग्राउस हे रानपक्षी दिले. अदलाबदलीचा असा सरळ व्यवहार सरकारात क्वचितच होतो.

आता एक काळजीची गोष्ट, जी मित्र शेगडीपाशी बोलणार नाहीत. मॅडिसनच्या आसपासच्या जिल्ह्यांत हरणांना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आहे. मेंदूचा रोग, प्राणी खंगत जाऊन मरतो, औषध नाही. विस्कॉन्सिनमध्ये २००२मध्ये पहिल्यांदा सापडला तो तुमच्याच भागात. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नका असंच आरोग्य खात्याचं सांगणं आहे. आणि बाधित हरीण पुष्कळदा अगदी धडधाकट दिसतं. म्हणून प्रत्येक जनावराचं डोकं तपासणीला द्या. वनखात्याच्या पेट्या जागोजागी असतात, पैसे लागत नाहीत, निकालाला दोनेक आठवडे जातात. तोवर मांसाच्या पिशव्यांवर चिकटपट्टी लावून तारीख आणि क्रमांक लिहा आणि हात लावू नका. दोन जनावरांचा खिमा एकत्र करायचा नाही, म्हणजे एक निघालं बाधित तर दुसरं फेकावं लागत नाही. कसायाकडे देणार असाल तर तुमचंच मांस तुम्हाला परत मिळणार का, हे आधी विचारून घ्या. शक्यतो तांब्याची गोळी वापरा, शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात.

स्वयंपाकाचं सांगितलं नाही तर तुमची बायको माझ्यावर रागावेल. हरणाची चरबी बोकडासारखी नसते, थंड झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. ती सगळी काढा. पाठीच्या कण्यालगतचे दोन लांब पट्टे रश्शात घालून वाया घालवू नका. तापलेल्या तव्यावर मीठ-मिरी लावून दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं, मधे गुलाबी राहिले पाहिजेत. नळ्या मात्र कुकरमध्ये, कांदा-लसूण मसाला घालून, बोकडाला देता त्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त. एका मादीचं वीसेक किलो निव्वळ मांस निघतं. चौघांच्या घराला पुढच्या दिवाळीपर्यंत अधूनमधून पुरतं.

एक कायद्याचं. पत्रात तुमच्या व्हिसाचा उल्लेख नाही. चौदा वर्षं म्हणजे ग्रीन कार्ड झालं असेल, तर प्रश्न नाही. पण अजून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर मुळात बंदूक जवळ बाळगणं हाच केंद्रीय गुन्हा आहे. राज्याचा चालू शिकार-परवाना ही त्याला असलेली एक सवलत. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक कपाटात राहिली तर काय, हे मित्राला विचारू नका, वकिलाला विचारा. आणि मचाणावर पट्टा बांधल्याशिवाय चढू नका. इथे शिकाऱ्यांची हाडं मोडतात ती बहुतेक वरून पडून.

आता वडील.

सांगा. पण फोनवर नको, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेलेल्या हरणाचा फोटो टाकून तर मुळीच नको. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चोरटी शिकार आणि पोलीस येतात. तुमचा काका पहिला विचारेल, अटक झाली का म्हणून. शिंगं भेट म्हणून न्यायच्या भानगडीतही पडू नका, विमानतळापासून वनखात्यापर्यंत सगळ्यांना उत्तरं देत बसाल. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा त्यांच्याबरोबर शेतावर जा. राधानगरीच्या बाजूला रात्री गवे उतरतात, डुकरं ऊस लोळवतात, हे ते तुमच्यापेक्षा जास्त जाणतात. मामांच्या मक्याचं सांगा, मग हळूहळू पुढचं. ते खूश होणार नाहीत. माळ घातलेल्या माणसाकडून ती अपेक्षाही करू नका. माझी आई मला म्हणाली होती, "केलंस ते केलंस, पण त्या सुरीने माझी भाजी चिरू नकोस." मी तिच्यासाठी वेगळी सुरी आणली. ती इथे यायची तेव्हा ती काढून ठेवायचे. अजून खणात आहे.